डीएसएलआर की सुपरझूम? आधी लेन्सचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पहिला कॅमेरा कुठला घ्यावा यावर लेख होता, तो आमच्या स्टाफरूममध्ये दोनदा वाचून झाला कारण आमच्यातल्या तिघीजणी सध्या त्याच विचारात आहेत. मेगापिक्सलच्या मागे लागू नका हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पण शेवटी सल्ला काय, तर थोडे पैसे जास्त घाला पण डीएसएलआरच (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्या, सुपरझूम (एकच लेन्स कायमची जोडलेला, पण फार लांबचं जवळ आणणारा कॅमेरा) म्हणजे नुसतं हौसेचं खेळणं. हे वाचल्यावर मला गप्प बसवेना म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी दौंडला राहते, शाळेत शिकवते आणि पक्षी बघायचा नाद आहे. उजनीचं बॅकवॉटर आमच्यापासून जवळच, त्यामुळे हिवाळ्यात एक-दोन रविवार तरी भिगवणला जाणं होतंच. २०१९ च्या दिवाळीत बोनस आणि भिशीचे पैसे मिळून कॅमेरा घ्यायचं ठरवलं. पुण्यातल्या एका दुकानात गेले, काउंटरवरच्या मुलाला स्पष्ट सांगितलं की बाबा रे मला पाण्यावरचे पक्षी टिपायचेत, लांबचे. त्याने एंट्री लेव्हलचा डीएसएलआर काढला, सोबत १८-५५ ची लेन्स (म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटर, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), वर बॅग, कार्ड आणि ट्रायपॉड फ्री. झूम किती आहे विचारलं तर म्हणाला, मॅडम यात लेन्स बदलता येते, मग झूमचं टेन्शनच नाही. बदलता येते हे खरंच आहे, पण ती दुसरी लेन्स केवढ्याला पडते हे त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

जानेवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो. सकाळी सातला नावेत बसलो, धुकं हळूहळू वर सरकत होतं, आणि रोहित (फ्लेमिंगो) दिसायला लागल्याबरोबर नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव ढकलत नेली, कारण आवाज झाला की थवा उठतो आणि तो उठू नये याची काळजी ती माणसं आपल्यापेक्षा जास्त घेतात. पन्नास-साठ मीटरवर नाव थांबवली, याच्यापुढे जायचं नाही म्हणाला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुढे घेऊन घेऊन किती घेणार, लेन्स ५५ वर जाऊन थांबली. फोटोत काय आलं तर भरपूर पाणी, भरपूर आभाळ आणि मध्ये गुलाबी तांदूळ सांडल्यासारखी एक रेघ.

त्याच नावेत एक रिटायर्ड काका होते, बारामतीचे. त्यांच्याकडे छोटा सुपरझूम, लेन्स पुढे आली की नळकांड्यासारखी दिसायची. त्यांनी दोन-तीन फोटो काढून स्क्रीन माझ्यापुढे धरली. रोहितची ती मधेच वाकलेली चोच, तिचं काळं टोक, टोकावरून गळणारं पाणी, पिवळट डोळा, सगळं त्यात होतं. मी नुसती बघतच राहिले, आणि खरं सांगते, घरी येईपर्यंत फार वाईट वाटत होतं.

नंतर हिशोब मांडला तो वाचकांसाठी देते, कारण हा हिशोब कुठलाच दुकानदार मांडून दाखवत नाही. कॅनन १५००डी सारख्या कॅमेऱ्यावर १८-५५ लेन्स लावली तर फोटोग्राफीच्या नेहमीच्या मापात, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने, ती साधारण २९ ते ८८ मिलिमीटर होते. म्हणजे ६० मीटरवर तुमच्या चौकटीत सुमारे २४ मीटर रुंदीचा देखावा बसतो, आणि त्यात सव्वा मीटर उंचीचा रोहित. तो तांदूळच दिसणार ना! ५५-२५० ची लेन्स लावली तर चौकट सव्वापाच मीटरवर येते, हे बरंच बरं. आणि कॅनन एसएक्स ७० सारखा ६५ पट झूमवाला सुपरझूम, ज्याचं माप २१ ते १३६५ मिलिमीटर आहे, त्यात तीच चौकट जेमतेम दीड मीटरची होते. निकॉन पी ९०० तर २००० पर्यंत जातो आणि पी १००० तीन हजारापर्यंत. डीएसएलआरवर एवढं जवळ जायचं म्हणजे १५०-६०० सारखी लेन्स, जिचं वजनच दोन किलोच्या आसपास आणि किंमत कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही ती १३६५ पर्यंत पोचत नाहीच.

मग डीएसएलआर वाईट का? अजिबात नाही, आणि हे मला शाळेच्या गॅदरिंगने शिकवलं. पुढे मीसुद्धा एक सुपरझूम घेतला, वापरलेला, आणि मोठ्या उत्साहाने स्नेहसंमेलनाला तोच नेला. मंडपात दोन पिवळे फोकस, पोरींची लावणी, मागच्या रांगेतून मी झूम केला. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघते तर तोंडं सगळी पुसल्यासारखी, काळ्या भागात रंगीत रवा पसरलेला, आणि हात तर कुणाचाच जागेवर नाही. कारण साधं आहे. सुपरझूमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चिप, असतो तूरडाळीच्या दाण्याएवढा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. डीएसएलआरचा २२ बाय १५, म्हणजे छोट्या टपाल तिकिटाएवढा. क्षेत्रफळात जवळपास बारापट फरक. पाऊस पडताना वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल, तसं हे उजेडाचं आहे. त्यात सुपरझूमची लेन्स जसजशी लांब जाते तसं तिचं तोंड बारीक होतं, एफ ६.५ वगैरे (एफचा आकडा जितका मोठा तितकं तोंड बारीक), म्हणजे आधीच वाटी आणि वर झाकण. पुढच्या गॅदरिंगला मी परत तो जुना डीएसएलआर काढला, त्याला एका मैत्रिणीची ५० मिमी एफ १.८ ची छोटीशी लेन्स लावली, स्टेजजवळ खाली बसले, आणि जे फोटो आले ते आजही मुलींच्या घरी फ्रेम करून लावलेत. एका मुलीच्या आईने फ्रेमपुढे उदबत्ती लावलेली पाहिली मी, मुलीचा तो पहिलाच असा फोटो होता.

उडणाऱ्या पक्ष्यांचंही तसंच. डीएसएलआरच्या भिंगातून आपण आरशावरून आलेलं खरंखुरं दृश्य बघतो, आणि फोकसही चटकन पकडतो. सुपरझूममध्ये छोटी स्क्रीन असते, ती किंचित मागे राहते, थवा उठला की मला कितीदा नुसतं रिकामं आभाळ मिळालंय. पण उडणाऱ्या पक्ष्यालाही परत लांब लेन्स लागतेच, म्हणजे फिरून गाडी तिथेच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की डीएसएलआर की सुपरझूम हा प्रश्नच अर्धा आहे. तुम्ही पहिल्या लेन्सनंतर दुसरी लेन्स घेणार आहात का, हे आधी विचारा. आपल्याकडे बहुतेक घरात कॅमेरा एकदाच घेतला जातो, त्याला जी लेन्स आली तीच शेवटपर्यंत. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, शेतकरी माणूस, मुलीला पक्ष्यांची आवड म्हणून हप्त्यावर डीएसएलआर घेतला. १८-५५ चाच. वर्षभर हप्ते भरले, मोठी लेन्स काही झाली नाही, आणि तीन पावसाळ्यांनंतर मी तो कपाटातून काढून बघितला तर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मुलगी आता फोनवरच फोटो काढते. त्या माणसाच्या पैशाचं मला फार वाईट वाटतं, कारण दिवसाउजेडी साधे फोटो काढायला १८-५५ आणि आजचा बरा फोन यात त्याला तसा काही मोठा फरक दिसणारही नव्हता. त्याच पैशात आलेला सुपरझूम त्या मुलीने उजनीच्या काठावर झिजवला असता.

म्हणजे ज्यांना पक्षी, चंद्र, ताडोबात लांब बसलेला वाघ, किल्ल्यावरून समोरच्या किल्ल्याची तटबंदी असलं टिपायचंय आणि एकाच कॅमेऱ्यात भागवायचंय त्यांनी बिनधास्त सुपरझूम घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सकाळी उजेड चांगला असताना वापरा आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते तेव्हा कितीही झूम केला तरी फोटो धूसरच येणार हे लक्षात ठेवा. आणि खोक्यावर ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सचा खरा झूम, किती तेच वाचा, डिजिटल झूमचा मोठा आकडा म्हणजे आहे तोच फोटो कापून ताणलेला. घरातली बाळं, लग्न, संध्याकाळचे कार्यक्रम, देवळातला मंद उजेड हे करायचंय त्यांनी डीएसएलआर घ्यावा पण ५० मिमीच्या त्या छोट्या लेन्सचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. निकॉन डी ३५०० सारख्या बॉडीत (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नसते, तेव्हा जुन्या बाजारात लेन्स घेताना मोटर लेन्समध्ये आहे का ते विचारून घ्या नाहीतर फोकस हातानेच फिरवत बसाल. आणि कॅनन, निकॉन दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, गेलंय, त्यामुळे वापरलेले डीएसएलआर आणि लेन्सा बऱ्याच विकायला येताहेत, कमी बजेटवाल्यांना ती संधीच आहे. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आतून बघा, बुरशी असेल तर लगेच कळते.

तुम्हाला विनंती ही की यापुढे असा लेख छापाल तेव्हा कॅमेऱ्याच्या किमतीशेजारी लागणाऱ्या लेन्सची किंमतही छापा, आणि एकाच जागेवरून दोन्ही कॅमेऱ्यांनी काढलेला एकेक फोटो शेजारीशेजारी द्या, वाचक मग आपलं आपण बघून ठरवतील. कुंभारगावचा त्या सकाळचा माझा फोटो मी अजून जपून ठेवलाय आणि काकांनीही त्यांचा मला नंतर पाठवला होता, छापायला हवे असतील तर त्यांना विचारून दोन्ही देते.

आपली,
एक शिक्षिका, दौंड