पाय उचलून चाल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू नसांच्या वेगाचा रिपोर्ट वाचून दाखवलास, ‘बाबा, माझ्या नसा निम्म्यानेही चालत नाहीत’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

अंबडला मी तीस वर्षं मोटारी रिवाइंड केल्या. नसेवरचं मायलिन म्हणजे तारेवरचं इन्सुलेशन, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा वाटलं, हा तर आपलाच विषय. पण तारेवरचं इनॅमल सलग असतं, मायलिन तसं नसतं. श्वान नावाच्या पेशी तंतूभोवती वेढे घेतात. एकीचा वेढा जेमतेम मिलिमीटरभर, मग बारीकशी फट, मग पुढची पेशी. संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो, म्हणून हाताच्या नसेत सेकंदाला ५०-६० मीटर धावतो. इनॅमल उडालं की मोटार शॉर्ट होऊन जळते. इथे जळत काही नाही. वेढे विस्कटलेले असले की वीज वाटेत गळते आणि पुढची फट उशिरा जागी होते. तुझा आकडा २२, माझा २४.

मूळ १७व्या गुणसूत्रावर आहे. पीएमपी२२ या जनुकाच्या दोन प्रती हव्यात, आपल्यात तीन आहेत. गुणसूत्राचा तो तुकडा जास्तीचा असतो हे १९९१ साली कळलं, त्यात हे जनुक आहे हे १९९२ साली. आजार मात्र १८८६ पासून माहीत, तीन डॉक्टरांच्या नावावरून शार्को-मारी-टूथ. ‘टूथ’ ऐकून तुझी आजी म्हणाली, मग दातांच्या डॉक्टरला दाखवू या का!

आता तू ज्याला घाबरलीस ते. हा २२ आज झालेला नाही. असा वेग लहानपणीच मंदावतो आणि पुढे फारसा बदलत नाही. पांडवलेण्याच्या पायऱ्या तू माझ्या आधी चढून वर बसायचीस, तेव्हाही तो एवढाच असणार. ताकद जाते ती वेगामुळे नाही, आतला तंतूच हळूहळू झडतो म्हणून. आवरण करणारी पेशी तंतूला सांभाळतेही, तिचं बिनसलं की सगळ्यात लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून पावलं आधी, हात नंतर. तेव्हा आकडा सोड आणि घोट्याचे व्यायाम चुकवू नकोस. कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी हा आजार आधी सांग. व्हिन्क्रिस्टिनसारखं कर्करोगावरचं औषध आपल्या नसांना फार महागात पडतं.

हे माझ्याकडून आलंय. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. तुझ्या वेळी मला ठाऊकच नव्हतं, चपला निसटतात ही आपली खोड समजायचो. त्याचं एवढं वाटत नाही. पण ‘पाय उचलून चाल’ म्हणून भर रविवार कारंजावर मी तुझ्यावर ओरडलो होतो, तू सातवीत होतीस. उचलायला सांगणारा संदेशच पोचत नव्हता, आणि ओरडणाऱ्याचाही पाय तसाच पडत होता.

भद्रकालीत एक जण घोट्याला आधार देणारा ब्रेस मावेल असा बूट शिवून देतो. मी माझा करून घेतला. जाड कागदावर उभी राहून दोन्ही पावलं आखून पाठव. दोन्ही आख, उजवं-डावं सारखं नसतं आपलं.

तुझा,
बाबा