गॅसचं कौतुक झालं, स्लरीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोबरगॅसवरची तुमची बातमी वाचली. निळी ज्योत, वाचलेले सिलिंडर, सगळं आलंय. टाकीच्या दुसऱ्या तोंडातून रोज जी स्लरी, म्हणजे गॅस निघून उरलेला शेणाचा पातळ काला, बाहेर पडते, त्यावर मात्र एक ओळ नाही.

आमची टाकी २ घनमीटरची. रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी कालवून घालायचं, म्हणजे जवळपास १०० लिटर स्लरीही रोजच बाहेर. शेगडीत जळतो तो मिथेन. शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतं. अनुदानासाठी टाकीचं माप घ्यायला माणसं आली, स्लरी कुठं जाणार हे कुणी विचारलं नाही. पहिलं वर्षभर ती गटारीला लागली. शेजारच्या काकूंनी तोंड सोडलं ते वेगळंच.

मग सासूबाई म्हणाल्या, उन्हात वाळव. हलकी, बिनवासाची खपली; बुट्टीतून शेतात न्यायला सोपी. पण स्लरीतलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात असतं आणि वाळताना उडून जातं, हे फार उशिरा कळलं. एकीकडं घरचं नत्र उन्हाला द्यायचं आणि दुसरीकडं युरियाच्या रांगेत उभं राहायचं! नंतर घट्ट स्लरी तशीच वांग्याच्या बुडात ओतली, तर वर पापुद्रा धरला आणि रोपं मलूल पडली.

आता दोन खड्डे आहेत. एक भरतो, तोवर दुसरा मुरतो. खाली उसाचं पाचट, त्यावर स्लरी, पुन्हा पाचट. वर जुन्या पत्र्याची सावली. पाचट सगळी स्लरी पिऊन घेतं, पेटवायचंही थांबलं. हे खत उसाच्या सरीत जातं. भाजीला मात्र ताजी स्लरी दुप्पट पाण्यात कालवून, गोणपाटातून गाळून, पाटाच्या पाण्याबरोबर सोडते. ठिबकमधून द्यायचं धाडस अजून केलं नाही. नळ्या चोंदल्या तर मालक मला घरात घ्यायचे नाहीत. कच्च्या शेणखताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी आणि तणाचं बी रानात यायचं, ते बरंच कमी झालंय.

शेण-कचऱ्यापासून गॅस करायच्या गोबरधन योजनेतल्या प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागं १५०० रुपये साहाय्य द्यायचं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं. जरूर द्यावं. घरगुती टाकीसाठी मी पैसे मागत नाही. टाकीच्या नकाशातच दोन खड्डे आखा, आणि ते खणल्याशिवाय अनुदान सोडू नका. आमच्या गल्लीत सहा टाक्या आहेत. पाच अजून गटारीला सोडलेल्या.

– एक शेतकरी वाचक, ता. कागल, जि. कोल्हापूर