आण्णांची खूण जपणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गाडी घेऊन गेलो त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि ते चारचौघांत, कारण तुमच्याबद्दल लोकांना कळायलाच हवं.

आमची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आण्णा, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून रडतच होती. स्लोला थरथरायची, यवतेश्वरचा घाट चढताना नॉकिंग करायची, म्हणजे इंजिन आतून ठोकल्यासारखं वाजायचं, प्लग काढावेत तर काजळीनं काळे. आठ महिन्यांत तीन गॅरेजं झाली. एकानं सोलेक्स कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा बसवून दिला, दुसऱ्यानं पिकअप येईना म्हणून टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, पुढे ओढलं. तिसऱ्यानं बॉनेटही नीट न उघडता सांगितलं, ‘इंजिनकाम काढा, नाहीतर भंगारात द्या. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर या गाड्या आता चालायच्या नाहीत.’ पैसे तिघांनीही घेतले. आईसमोर ‘भंगार’ म्हणालेला तो शब्द मी अजून विसरलेलो नाही.

तुम्ही मात्र आधी कॉम्प्रेसर बंद करायला लावलात आणि नुसतं इंजिन ऐकत उभे राहिलात. म्हणालात, ‘कार्बोरेटरला हात नंतर. आधी करंट बघू.’ ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट झिजलेले निघाले. त्यांच्यातली गॅप हलली की टायमिंगही हलतं, मग वरून कितीही स्क्रू पिळले तरी उपयोग नाही, हे मला पहिल्यांदाच कुणीतरी समजावून सांगितलं. डिकीत पडलेला जुना जेट परत बसला. पेट्रोलचा कडक झालेला रबरी पाइप बदललात. पेट्रोल-हवेचं मिक्श्चर अगदी शेवटी, इंजिन गरम झाल्यावर, कानानं.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. प्लगांना करंट वाटणारा आणि फिरवला की टायमिंग बदलणारा डिस्ट्रिब्युटर सैल करण्याआधी तुम्ही फडक्यानं त्याच्या बुडाची घाण पुसलीत. खाली पांढऱ्या रंगाची बारीक रेघ निघाली. ‘ही कुणी केली?’ म्हणालात. मी म्हटलं, आण्णांनी. तुम्ही क्षणभर थांबलात. ‘हात चांगला होता त्यांचा.’ मग टायमिंग बल्ब लावून जमवलंत, तेव्हा डिस्ट्रिब्युटरची तुमची जागा त्या रेघेपासून जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी लांब आली. ती रेघ खरवडून नवी मारणं सोपं होतं. तुम्ही ती तशीच ठेवलीत आणि शेजारी दाभणानं आपली बारीकशी खूण केलीत. कुणी बघावं म्हणून केलं नव्हतंत. मी तिथंच उभा होतो, म्हणून दिसलं.

दुसऱ्याच्या हातानं झालेल्या कामाला मान देणारी माणसं कमी भेटतात. आधीच्याला शिव्या घालूनच काम सुरू करायची रीत पडलीय, गॅरेजात काय अन् कचेरीत काय. तुम्ही त्या तिघांबद्दलही अवाक्षर काढलं नाहीत. पैसे विचारले तर पॉइंट, पाइप आणि दोन तासांची मजुरी, एवढंच.

रविवारी आईला घेऊन कासपर्यंत जाऊन आलो. घाटात एकदाही नॉकिंग नाही. वर गेल्यावर तिनं बॉनेट उघडायला लावलं, चष्मा पुसला आणि दोन्ही खुणा वाकून बघितल्या. कंदी पेढे घेऊन ती स्वतः तुमच्याकडे येणार आहे. तुम्हाला गोड चालत नाही हे मी सांगून बघितलं. ऐकत नाही.

आपला,
पद्मिनीवाला, गोडोली, सातारा