कोरा प्रेषक नाकारल्यामुळे आमचे मेल अडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सहाय्य विभाग

महोदय,

आमचा शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचा कारखाना आहे. डोमेन आणि मेल दोन्ही आपल्याकडे आहेत. पुण्याच्या एका जुन्या ग्राहकाला पाठवलेली कोटेशन्स गेल्या महिन्यापासून पोचत नाहीत. तिकीट टाकलं की आपल्याकडून ठरलेलं उत्तर येतं: 'तुमचं एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) बरोबर आहे, अडचण समोरच्या सर्व्हरची आहे.' आणि तिकीट बंद!

एसपीएफ बरोबर आहे हे मलाही मान्य आहे. पण कुठल्या आयपीवरून आमचा मेल निघावा, एवढंच ते सांगतं. इथे प्रश्न वेगळा आहे. ग्राहकाचा एक्झिम (मेल हाताळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर मेल घेण्याआधी उलट आपल्या सर्व्हरला जोडून हा पत्ता खरंच आहे का, ते विचारतो. विचारताना 'मेल फ्रॉम' या प्रेषक सांगणाऱ्या आज्ञेपुढे नुसता रिकामा कंस, म्हणजे कोरा प्रेषक, देतो. त्यांच्या सिस्टीमवाल्यांनी पोर्ट २५ वर (मेल घेण्याच्या दारावर) टेलनेट करून, म्हणजे हाताने आज्ञा टाइप करून, मला हे दाखवलं. रिकामा कंस दिला की आपला सर्व्हर ५५० (नकाराचा कोड) देऊन तिथेच हाकलतो. कंसात एखादा पत्ता घातला की २५० (होकाराचा कोड) म्हणत आमचा मेलबॉक्स निमूट मान्य करतो. मग त्यांच्या लॉगमध्ये 'सेंडर व्हेरिफाय फेल्ड' उमटतं आणि आमचा मेल नाकारला जातो.

अशी उलटतपासणी मलाही फारशी पटत नाही. खोट्या पत्त्याने स्पॅम आला की भलत्याच सर्व्हरला त्रास होतो. पण रिकामा प्रेषक स्वीकारलाच पाहिजे, हे १९८९ च्या आरएफसी ११२३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातच सांगितलेलं आहे. बाऊन्स मेलही त्याच रिकाम्या कंसाने येतात. म्हणजे आमचा मेल कुठेही अडला, तरी तसं कळवणारा मेल आपण दारातूनच परत पाठवता. कोटेशन पोचलं नाही हे आम्हाला ग्राहकाच्या फोनवरून कळलं, ते यामुळेच. आणखी किती ठिकाणी असं झालं असेल, ते शोधायला आमच्याकडे काही साधन नाही.

स्पॅम अडवायचा असेल तर मजकूर तपासून अडवा. रिकामा कंस दिसताच नाकारण्याचा नियम आमच्या डोमेनपुरता तरी ताबडतोब काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडून ते सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे द्यावं, ही विनंती. नूतनीकरणाचं बिल तोवर थांबवलं आहे.

आपला,
व्यवस्थापक (खरेदी-विक्री)

सोबत: टेलनेटच्या दोन्ही चाचण्यांची प्रत, ग्राहकाच्या सर्व्हरच्या लॉगमधला उतारा