बिल्टीवर दोन नंबर छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला. आता गुडघे बोलायला लागले म्हणून तीन गाड्यांचा मालक होऊन तासगावात बसून असतो. मुलींच्या तस्करीची बातमी येते तेव्हा तिच्यात पोलीस असतात, संस्था असतात, कोर्ट असतं. रात्रभर हायवेवर जागा असणारा ड्रायव्हर आलाच तर आरोपी म्हणून येतो. आमच्यातले काही जण गिऱ्हाईक असतात, हे मी नाकारत नाही. पण बाकीच्यांचं काय, ते लिहायचं आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत द्राक्षं भरून बंगळुरूला निघालो होतो. धारवाडच्या अलीकडे एका ढाब्यावर पहाटे तीनच्या सुमारास चहाला थांबलो. शेजारच्या बाजेवर एक बाई आणि तेरा-चौदा वर्षांची पोर. पोरीच्या अंगावर शाळेचा निळा स्कर्ट, वरून बाईमाणसाची मोठी शाल, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाई तोंड धुवायला गेली तशी पोरीनं हळूच विचारलं, "अंकल, ये कौन सा गाँव है?" मी गाव सांगितलं. तिनं ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटलं, पाढा पाठ करावा तसं. तेवढ्यात बाई आली, एक पांढरी गाडी आली, आणि दोघी तिच्यात बसून गेल्या.

मला कळलं होतं. घरी मी इतकी वर्षं "तेव्हा लक्षात आलं नाही" असं सांगत आलो, ते खोटं आहे. माल नाशवंत, पोचायला उशीर झाला की भाड्यातून कापणार. पोलिसांना कळवावं तर पहिला प्रश्न मलाच येणार, तू तिथं काय करत होतास? क्लीनर म्हणाला, "मामा, चला, आपलीच गाडी चौकीत लावतील." मी चावी फिरवली. गाडीचा नंबरसुद्धा लिहून घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत ओहायोला गेलो होतो. लोक नायगारा बघतात, मी जावयाला म्हटलं, मला ट्रक थांबतात ती जागा दाखव. तिथल्या भिंतीवर ट्रकचं चित्र असलेली एक सूचना होती. जावयानं वाचून सांगितलं: ट्रकर्स अगेन्स्ट ट्रॅफिकिंग नावाची संस्था २००९ पासून ड्रायव्हरना शिकवते, काय दिसलं की संशय घ्यायचा आणि कुठं फोन करायचा. पाकिटात ठेवायला कार्ड देते. नव्यानं अवजड वाहनाचं लायसन काढणाऱ्याला हे शिकणं सक्तीचं करण्यात ओहायो पहिलं. २०१५ च्या जानेवारीत व्हर्जिनियात एका ड्रायव्हरला थांब्यावर उभ्या गाडीच्या खिडकीत एका मुलीचा चेहरा दिसला आणि लगेच पडदा ओढला गेला. त्यानं फोन केला. आत विशीतली मुलगी डांबलेली होती, ती सुटली. २००९ हे साल ऐकून मात्र मी जावयाला काही बोललो नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. एड्सच्या वेळी जमलं होतं. ट्रान्सपोर्टनगरांत ड्रायव्हरांसाठी 'खुशी' नावाचे दवाखाने निघाले. त्यामागे एका मोठ्या माल वाहतूक कंपनीचीच संस्था होती. एक टायर कंपनीही असे दवाखाने चालवते. आमच्यातलाच एखादा जुना ड्रायव्हर निरोधची पाकिटं घेऊन गाडीगाडीशी जायचा. आधी टिंगल झाली, मग लोक ऐकायला लागले, कारण सांगणाऱ्याच्या हातालाही डिझेलचा वास होता. डॉक्टरनं सांगितलं असतं तर आम्ही ताडपत्री ओढून झोपलो असतो.

आता कायद्याचं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, १९ व्या कलमाप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. पण रात्री तीन वाजता चौकीत ते कलम कुणाला दाखवायचं? अपघाताचंही आधी असंच होतं. जखमीला दवाखान्यात नेणारा माणूसच अडकायचा. मग २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दखल घेतली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलं. नाव सांगायचं की नाही ते आता मदत करणाऱ्यानं ठरवायचं. मुलीबद्दल फोन करणाऱ्या ड्रायव्हरलाही तसंच अभय लेखी द्या. त्याची गाडी रोखायची नाही, जबाब लागला तर पुढच्या मुक्कामी घ्यायचा. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस असते, हे चौकीतल्या माणसालाही माहीत असावं.

आणि आम्ही मालक लोकांनीही हात वर करू नयेत. रसायनाचा टँकर चालवणाऱ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, त्यात एक तास याला द्यायला काय हरकत आहे? प्रत्येक बिल्टीच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावतीच्या, मागे १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलिसांचा तातडीचा) हे दोन नंबर ठळक छापा. बिल्टी हा एकच कागद ड्रायव्हर जिवापाड जपतो. फोनमुळे उशीर झाला तर भाड्यातून कापायचं नाही, हे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनांनी ठरवावं. फलाटावर हरवलेल्या पोरांकडे बघायला रेल्वे सुरक्षा दल असतं. ढाब्यावर रात्री तीन वाजता ड्रायव्हर, क्लीनर आणि भटारी सोडून कोण असतं?

बिल्टी माझी नसते, बुकिंगवाल्याची असते. म्हणून मी तूर्त एक रबरी शिक्का करून घेतला आहे आणि ड्रायव्हरच्या प्रतीवर तो स्वतः मारतो. परवा एकानं विचारलं, "मालक, फोन केला आणि ती त्या बाईचीच पोरगी निघाली तर?" मी म्हटलं, तर माझं नाव सांग, दिवसाचं भाडं माझ्याकडून.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक
तासगाव, जि. सांगली