पानिपतावर पूर्णविराम देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या शैक्षणिक पुरवणीतली इतिहासाची 'हमखास' प्रश्नोत्तरे वाचली आणि राहवले नाही. सिंधू संस्कृतीपासून १९४७ पर्यंत सगळे एका पानात बसवायचे म्हणून प्रत्येक उत्तर एकेका वाक्यात उरकले आहे. १८५७ च्या उठावाचे कारण काय, तर काडतुसे! ते झाले तात्कालिक कारण. मग १८४८ मध्ये खालसा केलेले साताऱ्याचे राज्य, नानासाहेबांचा बंद केलेला तनखा, शेतसाऱ्याने पिचलेला शेतकरी यांचे काय?

पण माझा खरा राग पानिपतच्या उत्तरावर आहे. 'परिणाम : मराठी सत्तेचा अस्त.' नेमक्या याच वाक्यापायी माझ्या सातवीतल्या नातीचे गुण गेले. तिने लिहिले होते की १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा मोठा पराभव झाला, विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले. मात्र १७६३ मध्ये माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनला निजामाला हरवले आणि १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेऊन पुढच्या वर्षी शाहआलमला तख्तावर बसवले. राक्षसभुवनापासून पुढे सगळ्यावर तांबडी काट आणि समासात शेरा, 'अनावश्यक'. बाईंना भेटले, तर त्यांनी गाईड उघडून पुढे केले. ठरलेल्या उत्तराबाहेरचे लिहिले तर गुण देता येत नाहीत म्हणाल्या. तेव्हापासून पोरगी अभ्यासाला बसली की विचारते, "आजी, गाईडात आहे तेवढंच लिहू ना?" तिला मी काय सांगू?

१७६१ मध्येच अस्त झाला असेल तर १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज शरण कोणाला आली? १८१८ पर्यंत ते लढत कोणाशी होते? पराभव लपवू नये, हे मलाही मान्य आहे. लाखमोलाची माणसे गेली, घरोघरी सुतक आले. पण त्यातून दहा वर्षांत उभे राहणे हासुद्धा त्या लढाईच्या परिणामांचाच भाग आहे, आणि मुलांना तो कळलाच पाहिजे.

शिवाय सोबतचा नकाशा इतका बारीक छापला आहे की दिल्ली आणि पानिपत ही नावे एकमेकांवर चढली आहेत. त्याच पानावर क्लासच्या जाहिरातीला मात्र पाव पान मिळाले!

मुले ही पाने कापून वहीत चिकटवतात. तेव्हा पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत पानिपतच्या उत्तराची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक आजी, कराड