विषय: सर्व्हिसिंगदरम्यान मोटारसायकलच्या टाकीला पडलेला ओरखडा व मोडलेले क्लच लिव्हर यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

दि. १४ जून रोजी सकाळी मी माझी १५० सीसीची मोटारसायकल कर्वे रस्त्यावरील आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नियमित सर्व्हिसिंगसाठी दिली आणि संध्याकाळी सहा वाजता, पूर्ण बिल भरून, परत घेतली. गाडी नुकतीच धुतलेली होती आणि बाहेर पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे टाकीवर पाणी साचलेले होते. कर्वे पुतळ्याजवळच्या सिग्नलला क्लच दाबताना लिव्हरचे टोक बोटाला टोचले म्हणून पाहिले, तर टोकाचा गोळाच मोडलेला होता. रुमालाने टाकी पुसल्यावर डाव्या अंगाला सुमारे सात सेंटीमीटर लांबीचा ओरखडा दिसला. त्यावरून नख फिरवले की अडकते, आणि मधल्या भागात रंग जाऊन खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला आहे.

मी तसाच परत फिरलो आणि बिल झाल्यापासून वीस मिनिटांच्या आत काउंटरवर हजर होतो. तेथील सुपरवायझरनी गाडीकडे एकदा पाहून ‘हे आधीचंच असणार’ असे सांगितले. गाडी घेताना जॉब कार्डावरील गाडीच्या चित्रात जुन्या खुणांची नोंद आपलेच कर्मचारी करतात. माझ्या कार्डावर सायलेन्सरवरच्या एका बारीक पोच्यापलीकडे काहीही नोंदलेले नाही. ज्याला तो पोचा दिसला, त्याला टाकीवरचा ओरखडा दिसला नाही, हे पटण्यासारखे नाही. शिवाय बिलात बॉडी पॉलिशचे २०० रुपये लावलेले आहेत, म्हणजे कोणीतरी त्या टाकीवरून हाताने फडका फिरवला आहे. ओरखडा आणि लिव्हर दोन्ही डाव्या बाजूला आहेत, त्यावरून गाडी स्टँडवरून कलून शेजारच्या गाडीच्या हँडलवर गेली असावी, असा माझा अंदाज आहे. त्या दिवशीचे सीसीटीव्ही चित्रण पाहिल्यास खात्री होईल. ते कृपया जपून ठेवावे.

सर्व्हिसिंगचे काम मात्र उत्तम झाले आहे, आणि ज्या मुलाने ते केले त्याच्या पगारातून हे पैसे कापले जावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. गर्दीच्या वर्कशॉपमध्ये गाडीला धक्का लागतो. गाडी देतानाच तसे सांगितले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

मला मोफत बफिंग आणि अर्ध्या किमतीत लिव्हर असा तोडगा सुचवण्यात आला, तो मला मान्य नाही. प्रायमरपर्यंत गेलेला ओरखडा बफिंगने जात नाही, आणि पत्र्याची टाकी पुण्याच्या पावसाळ्यात तशीच ठेवली तर तिथे गंज धरेल. टाकीचा तो भाग मूळ रंगाशी जुळवून विनामूल्य रंगवून द्यावा, रंगकामात निघालेले स्टिकर नवे लावावेत, लिव्हर कंपनीचेच बसवावे आणि पॉलिशचे २०० रुपये परत करावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) आणि आवश्यक तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पुणे जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार नोंदवावी लागेल. गाडी मला रोज कामावर जाण्यासाठी लागते, तेव्हा रंगकामाला किती दिवस लागतील तेही आधी कळवावे.

आपला,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे

सोबत: जॉब कार्ड व बिलाची प्रत, चार छायाचित्रे